माँटेव्हिडिओ: वरची खोली

जाईच्या शाळेने प्रोजेक्ट दिला होता: जगातल्या कुठल्याही एका राजधानीची ओळख, दोन पानांत. वर्गातल्या बहुतेकांनी टोकियो नाहीतर लंडन निवडलं. जाईने उरुग्वेची राजधानी घेतली, माँटेव्हिडिओ. आठ महिन्यांपूर्वी तिचा बाबा, माझा नवरा सारंग, त्याच बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजावरून नाहीसा झाला होता. सेकंड इंजिनिअर होता तो. सकाळच्या ड्यूटीला इंजिनरूममध्ये आलाच नाही, एवढंच कंपनीने कळवलं.

मी तिला अडवलं नाही. इथल्या बुओना व्हिस्टा भागातल्या ऑफिसात माझं कामच मुळी माहितीची खातरजमा करण्याचं. रविवारी सकाळी टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी बसून मी तिची पानं ओळन्‌ओळ तपासली. नदी इतकी रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही. बरोबर. काठाने वीस किलोमीटरहून लांब फिरायचा रस्ता. बरोबर. माणसं काखेत थर्मास धरून चालता चालता ‘माते’ नावाचा कडू काढा नळीने ओढतात. तेही बरोबर.

शेवटचा परिच्छेद मात्र कुठेच सापडेना.

‘जुन्या गावात, बंदराच्या मागे एक लॉज आहे. जिना लाकडी आहे. सातवी पायरी नाही, ती ओलांडायची. वरच्या खोलीत निळ्या नळाला गरम पाणी येतं. खिडकी उघडली की डिझेलचा वास येतो.’

“हे कुठे वाचलंस?”

“वाचलं नाही. बाबाने सांगितलं.”

“कधी?”

“आफ्टर स्कूल. एव्हरी डे.”

“जाई, ते खोडून टाक.”

“डोन्ट वॉन्ट.” तिने पानावर तळहात दाबून धरला. नखं पांढरी पडली होती.

तेवढ्यात बेल वाजली. निशिकांत आले होते, सारंगच्या कंपनीतले सुपरिंटेंडंट. सारंगला शोधायला तिकडे गेले होते ते हेच. त्यांनी टेबलावर एक फॉर्म ठेवला. सारंग समुद्रात बुडून मरण पावला हे मला मान्य आहे, असा मजकूर होता.

“एक सही, वहिनी. तुम्हीही मोकळ्या व्हाल.”

“त्याला पडताना कुणी पाहिलं?”

“नाही.”

“देह मिळाला?”

“नाही.”

“मग मी नेमकं काय मान्य करू?”

उत्तर टाळण्यासाठी म्हणून त्यांनी जाईची पानं बाजूला सरकवली. सरकवता सरकवता नजर गेली आणि तिथेच थांबली. ते खुर्चीत बसले. एसी चालू होता, तरी त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला.

“हे कुणी लिहिलं?”

“जाईने.”

“या खोलीत मी उतरलो होतो. दोन दिवस. त्या पायरीपाशी अडखळलो होतो मी. हे कुणालाच बोललो नव्हतो.”

खाली खेळाच्या कोर्टावर चेंडू आपटत होता.

मग त्यांनी दोन्ही हातांनी फॉर्म माझ्याकडे ढकलला. “सही करा, वहिनी. आत्ता. हात जोडतो.”

थोड्या वेळापूर्वी मलाच तो परिच्छेद नको होता. आता मी पेनाला टोपण लावलं.

“करणार नाही. दर महिन्याला या, दर महिन्याला हेच ऐकाल. आणि हे पान जसंच्या तसं शाळेत जाईल.”

निशिकांत उठले. दाराशी पोचले.

“काका,” जाई म्हणाली, “तुमचा चष्मा तिथेच आहे. उशीखाली. बाबा विचारतोय, कधी नेणार?”

त्यांचा हात डोळ्यांवरच्या नव्या फ्रेमकडे गेला.

“तिथेच हरवला होता,” ते मला म्हणाले, जेमतेम ऐकू येईल असं. “पण वहिनी, खोलीत मी एकटाच होतो.”

“नो लाह, एकटे नव्हता तुम्ही,” जाई मान वर न करता म्हणाली.