एकोणिसाव्या दिवसाची रेघ

"हे शक्यच नाही," इम्तियाज तांबोळी पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "वीस मुलं, वीस नावं, आणि प्रत्येकाला जन्मानंतर बरोबर एकोणिसाव्या दिवशी ताप?"

महानगराच्या बालपोषण प्रयोगशाळेत डॉ. मृण्मयी सोनटक्के यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. दंतलेखवाचक हे यंत्र त्यांनीच घडवलं होतं. दुधाच्या दाताचं कवच रोज एक पातळ थर चढत तयार होतं. बाळ आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं, की त्या दिवसाची रेघ गडद उमटते; जन्माचीही एक रेघ असते. यंत्र ही रोजनिशी वाचायचं आणि कीड किती खोल गेली तेही सांगायचं.

"साथ असेल," त्या म्हणाल्या.

"साथ तारखेनं येते, मॅडम. या मुलांच्या जन्मतारखा वेगवेगळ्या आहेत. साथीनं कुणाला दहाव्या दिवशी गाठलं असतं, कुणाला दोनशेव्या. एक तर यंत्र बिघडलंय, नाहीतर कुणीतरी आपल्याला बनवतंय."

नमुना खदानवाडीचा होता. दर तीन वर्षांच्या गणनेत प्रत्येक वस्तीतून वीस मुलांचा एकेक दात यायचा, त्यावरून वस्तीचा वंचितांक निघायचा, आणि सर्वांत वाईट दहा वस्त्यांना पोषणकेंद्र मिळायचं. रोज ताजं जेवण, महिन्याला दंतवैद्य. नियम मृण्मयीबाईंनीच लिहिला होता. मुलांचं वजन त्यांनी त्यातून मुद्दाम वगळलं होतं. काटा खालीवर करता येतो, दात खोटं बोलत नाही, हे वाक्य त्यांनी इतक्या सभांत ऐकवलं होतं की इम्तियाज ते त्यांच्या आधीच पुटपुटायचा. खदानवाडीत केंद्र सुरू होऊन तीन वर्षं झाली होती, तरी तिथले दात शहरात सगळ्यांत किडके! पोरांच्या तोंडचा घास कोण पळवतंय, या विचारानं बाईंचा पारा चढला आणि दुपारी त्या स्वतःच वस्तीत जाऊन थडकल्या.

केंद्राच्या अंगणात साठेक मुलं हुंदडत होती. गुबगुबीत नव्हेत, पण अंगानं भरलेली, वयाला शोभेल अशी. एक जण कडक भाकरी कडाकडा मोडून खात होता. बाईंनी एकेकाला "आ" करायला लावलं. पांढरेशुभ्र दात, कुठे एखादी खिडकी पडलेली.

"इथला दात कुठाय रे?"

"पत्र्यावर!" चारपाच जण एकदम ओरडले. "चिमणी नवा देते!"

बाई भिंतीला टेकवलेल्या शिडीवर चढल्या. पत्र्याच्या कडेच्या पन्हळीत सांडलेल्या तांदळासारखे इवले दात पडले होते. त्यांनी मूठभर उचलून पाहिले. एकालाही कीड नव्हती.

खाली केंद्राच्या सेविका द्वारकाबाई खंदारे पदर खोचून उभ्या होत्या. त्यांनी सारवासारव केली नाही.

"चांगले दात पाठवले असते तर केंद्र उठलं असतं ना, म्याडम? कुंभारगल्लीचं उठलं तसं. दात सुधारले म्हणून शाबासकी दिली अन् चूल विझवली. आता तिथली लेकरं परत चहात बिस्कीट बुडवून दिवस काढतात. काही सुकली, काही नुसती फुगली."

"मग ते वीस किडके दात कुणाचे?"

द्वारकाबाईंनी आतल्या खोलीकडे तोंड वळवलं. "श्रावे, ये गं इकडं."

पाच वर्षांची एक मुलगी आली, फ्रॉकमध्ये हरवलेली. हातात दुधात कुस्करलेल्या भाकरीची वाटी. बाईंनी हनुवटी धरून तिचं तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता.

"हिला जन्मल्यावर तिसऱ्या आठवड्यात ताप आला होता?"

"तुमाला कसं कळलं?" द्वारकाबाई चपापल्या. "फणफणली होती. माझ्या लेकीची लेक आहे ही."

"आणि दंतवैद्य?"

"त्याच्याम्होरं कधी बसवलीच नाही. तोंडात साखरपाण्याची बाटली ठेवली, दोन वर्षं. ठणका लागायचा तेव्हा रात्रभर मांडीवर घेऊन बसायची मी. मग वस्तीतल्या दातवाल्याकडून एकेक काढून घेतला." त्यांनी श्रावीला जवळ ओढलं. "दुसऱ्याच्या लेकराला कसं सांगणार? म्हणून घरातलंच घेतलं."

"अहो, तुम्ही माणूस आहात की कोण?"

"अन् नियम कुणाचा हाय, म्याडम?"

 लाजेनं मृण्मयीबाईंचे कान तापले. "मी नियम बदलून घेते," त्या कशाबशा म्हणाल्या.

"कधी?"

नियम बदलणारी समिती गणनेच्याच वर्षी बसायची, आणि या वर्षीची बैठक गेल्या महिन्यात उरकली होती. आज खरा अहवाल दिला, तर खदानवाडीचं केंद्र मात्र आठवड्यात उठणार होतं. 

तेवढ्यात आतून कुरकुर ऐकू आली. साडीच्या झोळीत आठ महिन्यांचं बाळ होतं, श्रावीची बहीण. खालच्या हिरडीवर दोन दात नुकतेच डोकावत होते. तोंडाशी बाटली, आणि बाटलीत दूध नव्हतं.

हिशेब मनात आपोआप झाला. पुढची गणना तीन वर्षांनी. तेव्हा हे बाळ पावणेचार वर्षांचं असेल, दुधाचे वीसच्या वीस दात आलेले.

मृण्मयीबाईंनी बाटली काढून घ्यायला हात पुढे केला. बाहेर ताटं वाजली. मुलं ओळीनं बसत होती आणि कुणीतरी भात वाढायला घेतला होता. बाईंचा हात झोळीच्या काठावर थांबला, आणि बाळ चोखत राहिलं.