मिरकाबच्या दारातल्या निळ्या चपला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसू येणार नाही. ही घटना शंभर टक्के खरी आहे. कुवेतमधल्या मिरकाब भागात घडली, आणि जिने सांगितली ती बाई, झुलेखा, आजही त्याच घरात राहते.

रात्रबित्र नव्हती हो. गेल्या जुलैतला बुधवार. दुपारचे अडीच.

बाहेर पन्नास डिग्री. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

झुलेखाचा नवरा कासम मूळचा राजापूरकडचा. घरकामाच्या मुली पुरवणाऱ्या एका ऑफिसात मंदूब, म्हणजे सरकारी कागद फिरवणारा माणूस. मुलींचे पासपोर्ट तो घरी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. "हरवायला नकोत बिचाऱ्यांचे," म्हणायचा. वर उपकार!

त्या दुपारी त्याच्याच घरात दोन तट पडले होते.

स्टोअररूममध्ये तेजस्वी लपली होती. कणकवलीची, बावीस वर्षांची. जहरामधल्या मालकाच्या घरातून पहाटे अनवाणी पळालेली. दंडावर इस्त्रीचा डाग. झुलेखानेच तिला कधीतरी गुपचूप आपला नंबर दिला होता. आता झुलेखा आणि दहावीतली लेक झरीन स्टोअरच्या दाराला पाठ लावून बसल्या होत्या.

कासमसमोर फोन होता. ऑफिसच्या साहेबाने बजावलं होतं, चारपर्यंत मुलगी मालकाकडे पोचव. नाहीतर तुझाच इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द. इकामा गेला की नोकरी, घर, झरीनची शाळा, सगळ्यावर पाणी.

"अगो, रस्त्यावर येऊ आपण!" त्याचा आवाज चिरकला. "समजतंय का तुला?"

"समजतंय," झुलेखा म्हणाली. "गेल्या वर्षी पण समजत होतं. तेव्हा गप बसले. आता नाय बसायची."

गेल्या वर्षी…

मालन.

तीही त्याच जहराच्या घरातून आलेली. कासम आपल्याकडचा, कोकणातला, एवढ्या भरवशावर. उंबऱ्याबाहेर उभी होती, पायात निळ्या रबरी चपला. "काकानू… आत येव?" एवढंच विचारलं तिने. कासमने आत घेतलं नाही. बाहेरच पाण्याचा ग्लास दिला आणि स्वतःच्या गाडीने मालकाकडे सोडून आला.

नवव्या दिवशी तिची शवपेटी विमानात चढली. गच्चीवरून पडली, असं कागदावर होतं. तो कागद कासमनेच फिरवला.

"अब्बा, जस्ट लिसन." झरीनने मांडीवरची वही उघडली. सुट्टीतलं प्रोजेक्ट होतं, अमेरिकेतल्या गुलामगिरीवर. "पळालेला गुलाम परत द्यायचा, लपवला तर दंड नि तुरुंग, असा लॉ केला त्यांनी. तोपर्यंत उत्तरेतले कितीतरी लोक म्हणायचे, आपल्याला काय करायचंय. मग त्यांच्याच गल्लीतून माणसं ओढून न्यायला लागले. नव्या राज्यांत गुलाम ठेवायचे की नाही, यावरून मारामाऱ्या झाल्या. गुलामगिरी पसरू देणार नाही म्हणणारा इलेक्शन जिंकला, तर दक्षिणेने देशच तोडला. चार वर्षं वॉर, अब्बा. सहा लाखांच्या वर मेले. सगळे एकाच देशातले."

"चुलीत गेली तुझी अमेरिका! इथे माझ्या पोटाचं काय?"

"दक्षिणेतले मळेवालेही हेच म्हणत होते," झरीन हळूच म्हणाली. "आमच्या कापसाचं काय."

कासमने तिच्याकडे बघितलंच नाही. साहेबाचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजू लागली.

टक…

टक… टक…

बाहेरचं दार.

त्याने फोन कापला. दाराच्या भिंगाला डोळा लावला. जिन्यात कोणीच नव्हतं.

आणि मग… दाराच्या पलीकडून, अगदी जवळून…

"काकानू… आत येव?"

झुलेखाने झरीनला घट्ट धरलं. तिघांनीही ऐकलं होतं.

कासमने दार उघडलं.

माणूस नाही. पायपुसण्यावर निळ्या रबरी चपला. टोकं घराकडे.

त्या चपला त्याने स्वतःच्या हाताने मालनच्या सामानात बांधून गावी पाठवल्या होत्या!

तो धावत डब्याकडे गेला. तेजस्वीचा पासपोर्ट काढायला झाकण उघडलं, तर वर दुसराच पासपोर्ट. कोपरा कापलेला. रद्द केलेला. मालनचा. तोही पेटीबरोबर गेला होता.

कासमने खालचा तेजस्वीचा पासपोर्ट काढून झुलेखाच्या हातात दिला. मोठा माणूस, पण हमसाहमशी रडला. "घेऊन जा गो तिला… वकिलातीत ने. आत्ताच्या आत्ता."

झुलेखाने टॅक्सी बोलावली. खालचा रस्ता तव्यासारखा तापलेला आणि तेजस्वीच्या पायात काही नाही. तिने दारातल्या त्या चपलांत पाय घातले. बरोब्बर बसल्या. तिला कोणी काही सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी तेजस्वी कणकवलीला पोचली. जिवंत. चपला तिच्या पडवीत आहेत, तिने फोटो पाठवलाय.

कासमची नोकरी त्याच दिवशी गेली. इकाम्याचं घोंगडं भिजत पडलंय. तो सुलैबियाच्या भाजीबाजारात पेट्या उचलतो. बुधवारी मात्र जात नाही.

बुधवारी दुपारी तो दार सताड उघडून बसतो. आत, पंख्याखाली, पाण्याचा ग्लास भरून ठेवतो.

अडीच वाजता उघड्या दारावर टकटक होते…

पायपुसण्यावर त्याच निळ्या चपला असतात.

"काकानू… आत येव?"

"ये गो बाय, ये," कासम हात जोडून म्हणतो. "आत ये."

आत कोणीच येत नाही. ग्लास तसाच भरलेला राहतो. थोड्या वेळाने तोच आवाज पुन्हा विचारतो, जणू त्याने अजून उत्तरच दिलेलं नाही.