धुरा फिरायला या

अमरावतीच्या त्या सभागृहात सकाळपासून माणसं माणसांना शोधत होती. साल एकसष्ट, थंडीचे दिवस आणि वऱ्हाडातल्या गृहनिर्माण संस्थांची दोन दिवसांची परिषद. निम्म्यांना जमीन हवी होती, निम्म्यांना गिऱ्हाईक. भाषणं आत व्यासपीठावर चालली होती आणि खरं काम बाहेर, चहाच्या टेबलापाशी. जो तो दुसऱ्याची तब्येत विचारत त्याच्या हातात आपलं छापील कार्ड सरकवत होता.

चारुशीलेजवळ कार्ड नव्हतं. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी ही चोवीस वर्षांची बाई शिक्षकांच्या संस्थेची चिटणीस झाली होती, कारण ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. संस्थेत चाळीस शिक्षक, चाळीसही भाड्याच्या घरात. अध्यक्ष हरिहर सरांनी तिला बजावलं होतं, अकोल्याच्या वेशीवर खुशालरावांची सहा एकर जमीन आहे, त्यांच्या माणसाला गाठायचं, गोड बोलायचं आणि शब्द घेऊनच यायचं. नागपूरच्या एका कंत्राटदाराचाही त्या जमिनीवर डोळा होता.

गोड बोलणं हे काही तिचं काम नव्हे. हिंमत गोळा करायला ती बाहेर आली, तर कडुलिंबाच्या पारावर एक तरुण उन्हात बसून संत्रं सोलत होता. अख्ख्या परिषदेत कुणालाही न शोधणारा हा एकटाच.

खुशालरावांकडचं कुणी आलंय का, तिने विचारलं.

"आलं आहे. बरा माणूस आहे, जरा कमी बोलते." त्याने संत्र्याच्या दोन फोडी पुढे केल्या. "तुमी काय बोलनार त्याच्यासंगं?"

पाठ केलेलं भाषण तिने त्याच्यावरच म्हणून पाहिलं. आपल्या थोर घराण्याबद्दल ऐकून होतो वगैरे वगैरे... तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "खुशालराव माहे वडील. मी देवीदास."

चारुशीला कानापर्यंत लाल झाली. पळून जावंसं वाटलं, पण तो हसला नाही. घरं कशी बांधणार, खिडक्या कुठल्या दिशेला, असं साधंसुधं विचारत राहिला. मग भाषण कुठल्या कुठे गेलं. अकरा वेळा बिऱ्हाड बदललेल्या पुंजाराम ड्रॉइंग मास्तरांची गोष्ट तिने सांगितली, आणि तो इतका मोकळा हसला की तिलाही हसू आवरेना. ऊन पारावरून सरकत गेलं. तो बोलता बोलता थांबायचा, तिच्याकडे बघायचा... आणि तिला तास कसे गेले ते कळलंच नाही.

उठताना तो म्हणाला, "परवा सकाळी अकोल्याले धुरा फिरायले या. तुमी अन् मी."

धुरा म्हणजे शेताचा बांध. लग्न न झालेल्या बाईला शेतात एकटीला बोलावतो हा? सकाळपासूनचं सगळं गोड बोलणं याच्यासाठी होतं तर. "तसल्या कामाला मी आलेली नाही," ती ताडकन म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "ठीक आहे. समजलो," म्हणून तो निघून गेला.

संध्याकाळी शकुनमावशीच्या घरी जेवताना तिने रागारागाने हे सांगितलं. जमिनीच्या दस्तांमध्ये उभी हयात गेलेले तिचे वकील मावसे, चिंतामणराव, घास हातात घेऊन बघतच राहिले.

"अगं वेडे, त्या घराची रीत आहे ती. तोंडाने ते हो म्हणत नाहीत. ज्याला जमीन द्यायची त्याला चारी धुरे फिरवतात. फिरायला जो नाही म्हणाला, त्याने जमीन नाकारली."

चारुशीलेने ताट बाजूला सारलं. चाळीस घरं आपण एका वाक्यात घालवली. आणि खरं सांगायचं तर चाळीस घरांच्या आधी तिला आठवत होता तो उतरलेला चेहरा.

दुसऱ्या दिवशी परिषदेत देवीदासाच्या खांद्यावर नागपूरच्या कंत्राटदाराचा हात होता. ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी काल चुकले. मला रीत माहीत नव्हती. मला वाटलं —"

"काय वाटलं?"

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग त्याला उमगलं आणि तोही गोरामोरा झाला. कंत्राटदाराचा हात त्याने अलगद बाजूला केला आणि तिला घेऊन दोन पावलं दूर गेला.

"ते बी मनात नव्हतं असं नाही म्हनत मी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पन जमिनीत ते मिसळलं नाही, बाई. जमीन चाळीस जनांची. उद्या सरांले घेऊन या."

तिसऱ्या दिवशी सकाळी अकोल्यात हरिहर सर धोतर सावरत धुऱ्यावर चढले. दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीचा कापूस फुटलेला, पायाखाली दवाने ओली काळी माती. तिघांनी तीन बाजू पुऱ्या केल्या. चौथ्या धुऱ्यावर सरांच्या पायात काटा मोडला म्हणून ते खाली बसले. हे दोघं पुढे गेले, कोपऱ्यापर्यंत.

"देली जमीन," देवीदास म्हणाला. "आता तुमचं माह्याजवळ काही काम राह्यलं नाही. म्हून आताच इचारतो. त्या दिवशी बोलत होत्या, ते जमिनीसाठी?"

"पहिली पंधरा मिनिटं," चारुशीला म्हणाली.

"अन् मंग?"

"मग मला जमीन आठवलीच नाही."

वाऱ्याने तिचा पदर उडाला, तो तिने सावरला नाही. इतकं सुख आपल्या वाट्याला येऊ शकतं हे तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"तुमच्या घरी येऊ? इचारायले?"

"या. पण आई नाही म्हणेल. तुमची जात काढेल, शेती काढेल, तुमचं बोलणंही काढेल." तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "चहासुद्धा विचारणार नाही कदाचित. तरी परत या."

"कितींदा येऊ?"

"ती हो म्हणेपर्यंत," ती म्हणाली. "माझं हो आजच घेऊन जा."