जोडीतलं दुसरं पिस्तूल

शेवटचा पेशंट गाल धरून निघून गेला, की दंतवैद्य खुर्चीवरचा मोठा दिवा तसाच चालू ठेवायचे. हात धुवायचे, सुती हातमोजे चढवायचे आणि मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून एक चपटा खण उचलून आणायचे. दाढा तपासायच्या त्या पांढऱ्या उजेडात हिरव्या बनातीवर मांडलेली त्यांची चांदी लखलखायची. काही नाणी, काही लगडी, आणि प्रत्येकावर एखादं हत्यार उठावात घडवलेलं. कुठे सहाबारी, कुठे शिकाऱ्याची दुनळी, कुठे लांब नळीची जुनी बंदूक. दस्त्याच्या लाकडाच्या रेषासुद्धा कारागिराने चांदीत उतरवलेल्या असत.

"घरात झुरळ निघालं तर मला हाका मारतोस," त्यांची बायको म्हणायची, "आणि जमवतोस काय, तर बंदुका!"

ते हसून सोडून देत. खरी बंदूक त्यांनी कधी हातात धरली नव्हती आणि धरायचीही नव्हती. त्यांना वेड होतं ते घडणीचं.

हा नाद शहरात आणखी एकाच माणसाला होता. ते रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. पण झुपकेदार मिशा आणि ताठ पाठ यांमुळे सगळे त्यांना कर्नल म्हणत. "वर्गात पोरांवर फेकलेले खडू सोडले, तर मी आयुष्यात काही झाडलेलं नाही," असं ते स्वतःच सांगत. दोघांची मैत्री जुनी, आणि तिच्यात खुपणारी गोष्ट एकच. द्वंद्वाच्या पिस्तुलांची एक जोडी एका जुन्या टांकसाळीने दोन लगडींवर घडवली होती. एका लगडीवरच्या पिस्तुलाची नळी डावीकडे, दुसरीवरची उजवीकडे. डावी दंतवैद्यांकडे होती, उजवी कर्नलकडे. दोघंही एकमेकांना गळ घालत आणि दोघंही बधत नसत.

"मी गेल्यावर या, डॉक्टर," कर्नल मिशीतल्या मिशीत हसत म्हणत. "तोवर ती माझी."

मग कर्नलना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली.

दंतवैद्य भेटायला गेले तेव्हा दार कर्नलच्या मुलीने उघडलं. नोकरी सांभाळून तीच त्यांचं सगळं करत होती. केस कसेबसे बांधलेले, डोळ्यांखाली काळं.

"बरं झालं आलात, काका. बोला त्यांच्याशी. ऐकू येतं सगळं, कळतंही सगळं. फक्त…" तिने वाक्य अर्धवट सोडलं. चहा टाकायला जाता जाता ती म्हणाली, "आणि ती चांदी विकून टाकावी म्हणते मी. एक व्यापारी बघायला येणार आहे. मला त्यातलं काही कळत नाही."

खोलीत औषधांचा आणि धुतलेल्या चादरींचा वास होता. पलंगासमोर एक वेताची खुर्ची, भिंतीशी चांदी ठेवलेलं काचेचं कपाट. कर्नलचे डोळे मिटलेले होते. दंतवैद्य उठले आणि त्यांनी कपाट उघडलं. नुसती बघावी म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं तर एक हाक पुरली असती. 'मला यातली एवढी एक दे गं,' म्हटलं असतं, तर त्या पोरीने ती त्यांच्या हातावर ठेवली असती. हे त्यांना त्या क्षणीही कळत होतं. तरी हात कोटाच्या खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला.

ते वळले. कर्नलचे डोळे उघडे होते.

ते आधी दंतवैद्यांच्या खिशाकडे बघत होते, मग चेहऱ्याकडे. ओठाच्या वाकड्या झालेल्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. दंतवैद्यांनी स्वतःच्या रुमालाने ती पुसली. मग पुन्हा एकदा पुसली.

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय, काका," निघताना मुलगी म्हणाली.

दवाखान्यात परतल्यावर त्यांनी दोन्ही लगडी एका खणात शेजारी ठेवल्या. बनातीत मापाच्या खाचा कापून, मुठीला मूठ लागेल अशा. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दृश्य समोर होतं आणि त्यांना ते धड बघवत नव्हतं. खण लावून टाकला. जेवताना बायकोने विचारलं, "दात दुखतोय की काय? घास तोंडात तसाच आहे." त्यांनी घास पाण्याबरोबर गिळला.

दुसऱ्या दिवशी खण ओढला, तर कर्नलची लगड खाचेत नव्हती. खाचेवर आडवी पडली होती. नळी खण उघडणाऱ्याकडे.

समोरच्या रस्त्यावरून जड ट्रक जातात, कपाट हादरत असेल, असं त्यांनी ठरवलं आणि लगड खाचेत नीट बसवली. पुढच्या वेळी ती पुन्हा बाहेर होती. किल्ली फक्त त्यांच्याकडेच असायची. दवाखान्यात मदतीला असणाऱ्या बाईंना त्यांनी उगाच विचारलं, तर त्या दुखावल्या. त्याचंही ओझं मनावर राहिलं.

मग एका दुपारी त्यांना जाणवलं की लगड कोमट आहे. हातमोजा काढून त्यांनी बोट टेकवलं. शेजारची नाणी गार होती, खणाचा पत्रा गार होता. ही तेवढी कोणीतरी नुकतीच मुठीतून सोडावी तशी उबदार.

या दिवसांत ते कर्नलकडे जातच होते. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. व्यापारी काही ना काही कारणाने येणं पुढे ढकलत होता. वेताच्या खुर्चीत बसून ते हवापाण्याच्या गोष्टी करत आणि कर्नल त्यांच्याकडे बघत राहत. त्या बघण्यात राग असता तर सोपं झालं असतं. राग नव्हता. एखाद्या मुलाने गणित चुकवावं आणि मास्तरांनी ते त्यालाच सापडेपर्यंत थांबावं, तसं काहीतरी होतं.

त्या आठवड्यात त्यांनी लगड दिव्याखाली धरून भिंग लावलं.

दोन्ही पिस्तुलांचे घोडे खाली टेकलेले होते, हा बारकावा त्यांना पाठ होता. डावीवरचा तसाच होता.

उजवीवरचा उचललेला होता.

त्यांनी भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. कानशीचा ओरखडा नाही, हत्याराची खूण नाही. जिथे घोडा टेकलेला असायचा तिथली चांदी सलग आणि जुनी दिसत होती.

त्यांनी हातमोजेही काढले नाहीत. लगड खिशात टाकली आणि दवाखाना उघडा टाकून ते भर उन्हात कर्नलकडे निघाले. मांडीला तिची ऊब सारखी लागत होती.

"देवासारखे आलात, काका," मुलगी म्हणाली. "जरा बसता? मी औषधं घेऊन येते."

दार लागलं. दंतवैद्यांनी लगड काढून कर्नलच्या डोळ्यांसमोर धरली.

"मी नेली होती. माझं चुकलं, कर्नल. परत आणली आहे."

कर्नलनी लगडीकडे पाहिलं. डोळे हळूच मिटले, उघडले. माफी अशीच दिसत असावी, असं दंतवैद्यांना वाटलं. त्यांनी लगड जागेवर ठेवली, काच लावली. घोड्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

त्या दिवशी ते पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. ती हसत होती, रडतही होती.

"काका, बाबांचा उजवा हात हलला! काल तुम्ही गेल्यापासूनच. व्यायाम घेणारे डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर सहसा होत नाही. एकच बोट हलतंय, पण हलतंय ना!"

"कुठलं बोट?"

"अंगठ्याशेजारचं. आत ओढतात, अगदी सावकाश. मग सोडतात. ओढताना डावा डोळा मिटतात, बहुतेक जोर लागतो म्हणून."

दंतवैद्यांनी स्वतःचं तेच बोट आत ओढून पाहिलं.

"आणि गंमत म्हणजे, बघतात सगळा वेळ तुमच्या त्या खुर्चीकडे. मी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली, तर नजर तिकडे. दाराशी नेली, तर तिकडे. उद्या याल ना, काका? बोट अजून पूर्ण मिटत नाही. पण तुम्ही समोर येऊन बसलात ना, की मिटेल. मला खात्री आहे."