चार पट्ट्यांची पिशवी

आधी पातेलं आत आलं, मग माणूस. पातेलं एवढं मोठं होतं की अर्ध्या उघड्या दारातून सरळ येईना. तो ते तिरकं करून, पोटाशी धरून आत शिरला आणि माझ्या कटिंगच्या टेबलावर, नुकत्याच खडूने आखलेल्या पडद्यावर ठेवून मोकळा झाला.

"याला पिशवी शिवून हवीय," तो म्हणाला.

द्वारका चौकातून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत माझं दुकान आहे. पडदे, सोफ्याची कव्हरं, मच्छरदाण्या. लोक काय काय शिवायला आणतील याचं आश्चर्य वाटायचं मी केव्हाच सोडून दिलंय. एका गृहस्थांनी मिक्सरला झालरीचा झगा शिवून नेला होता, मॅचिंग टोपीसकट. तरी पातेल्याला पिशवी हे माझ्यासाठी नवीन होतं.

"बाहेरून कव्हर हवंय का?"

"नाही, आतून. पातेल्याच्या आत बसेल अशी. पाणी जाईल, पण दाणा जाणार नाही."

"म्हणजे चक्का टांगायला. श्रीखंडाची ऑर्डर आहे वाटतं?"

तो हसला. हसताना मान उजवीकडे कलती करायची त्याला सवय आहे. त्या दिवशी मी ती फक्त पाहिली. बाकीचं नंतर.

"श्रीखंड नाही... बिअर."

लताबाईंचं मशीन थांबलं. लताबाई मूळच्या चांदवडच्या, सहा वर्षं माझ्याकडे शिवतात. त्यांचं मशीन फक्त दोन गोष्टींसाठी थांबतं: जेवण आणि दुसऱ्याची भानगड.

त्याचं नाव विहंग. विमा कंपनीत अपघाती गाड्यांचे क्लेम तपासतो आणि रविवारी सिडकोतल्या घराच्या गच्चीवर बिअर करतो. हे कायद्यात कितपत बसतं ते मी विचारलं नाही. पिशवी शिवणं कायद्यात बसतं, माझा संबंध तेवढाच.

"आतापर्यंत मी डब्यातून करायचो," तो म्हणाला. "घट्ट पाक तयार मिळतो. पाणी घालायचं, यीस्ट घालायचं, झाकून ठेवायचं."

"गुलाबजामच्या पाकिटासारखं."

"अगदी तसंच! आता सांगा, पाकिटाचे गुलाबजाम कुणी 'मी केले' म्हणून सांगतं का?"

"माझी वहिनी सांगते."

तो पुन्हा हसला. मग त्याने गंभीर होऊन समजावलं. सातूला मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. ते दळून गरम पाण्यात तासभर ठेवलं की गोडवा पाण्यात उतरतो, मग तेच पाणी उकळून, आंबवून बिअर. मोठ्या ठिकाणी याला तीन-तीन टाक्या लागतात. हा सगळं एकाच पातेल्यात करणार होता. धान्य पिशवीत, पिशवी पाण्यात, तास झाला की उचलून बाहेर.

"पुण्याजवळ एक छोटी ब्रुअरी आहे," तो म्हणाला. "शिकाऊ माणसाची एकच जागा आहे त्यांच्याकडे. पंधरा जानेवारीला आपली बाटली घेऊन या म्हणालेत. डब्याची नको, धान्यापासून केलेलीच हवी. मिळालं तर... विमा सुटला."

"आणि नाशिकही सुटलं."

"हो. ते पण."

मी टेप काढली. घेर एकशे चाळीस, खोली बेचाळीस सेंटिमीटर. पडद्याचं पातळ जाळीदार कापड घेतलं, वर नेफा, नाडी, उचलायला दोन पट्टे. तीन दिवसांनी पिशवी तयार होती.

तो आला, पातेल्यासकट. पिशवी आत सोडून बघितली, मान कलती केली. "खोलीला जरा कमी वाटते का?"

मला कमी वाटत नव्हती. माझं माप चुकत नाही, ही माझी घमेंड नाही, अनुभव आहे. पण गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून दोन बोटं जोड दिला. शनिवारी तो पुन्हा आला. आता तोंडाशी आवळ वाटत होती. मी नेफा उसवून सैल केला. तोवर त्याला चहा दिला. तो टेबलाच्या कोपऱ्यावर बसून बशीत ओतून प्यायला, फुंकर घालत, आणि मी नेफ्यात नाडी ओवताना माझ्या बोटांकडे बघत राहिला. मला ते कळत होतं. नाडी दोनदा निसटली.

तो गेल्यावर लताबाई म्हणाल्या, "ताई, एक विचारू? पिशवीला कुठं ट्रायल असती का?"

"शिवा तुम्ही, लताबाई."

"मी शिवतेच हाय. तुमचंच मशीन थांबलंय."

ते खरं होतं. तोपर्यंत डिसेंबर लागला होता. नाशिकची थंडी दुकानाच्या फरशीतून वर यायला लागली होती, आणि मी पातेलं घेऊन येणाऱ्या एका माणसाची वाट बघत होते. त्याला बिअर जमली तर तो जाणार, नाही जमली तर राहणार. इतका सरळ हिशोब मला शाळेतसुद्धा कधी आला नव्हता.

पुढच्या सोमवारी तो आला तेव्हा पातेलं नव्हतं. हातात पिशवी होती, एक पट्टा मुळापासून फाटलेला.

मला पहिल्यांदा राग आला. माझी शिलाई सुटत नाही. पिशवी उलटी करून बघितली तर शिलाई जागेवर होती, कापडच तिच्याशेजारून टरकलं होतं. आतून सगळीकडे चिकट, राखाडी खळ वाळून बसली होती. बोटाने खरवडून पाहिली. गोडूस वास आला.

"उचलली तेव्हा पाणी गळलंच नाही," तो म्हणाला. "पंधरा मिनिटं धरून उभा होतो. आत सगळा चिखल. वजन एवढं झालं की पट्टा गेला, आणि पिशवी धपकन परत पातेल्यात."

"भाजलं का?"

"थोडंसं." त्याने मनगट दाखवलं. लाल, बोटभर पट्टा. मी ते मनगट हातात घेतलं, आणि हातात आहे हे लक्षात आल्यावर सोडलं.

"धान्य कुठे दळलं?"

"चिमाजींच्या गिरणीत. एकदम बारीक काढून घेतलं. म्हटलं, जेवढं बारीक तेवढा गोडवा जास्त उतरेल."

काय चुकलं ते मला तिथल्या तिथे कळलं. माझी आई लापशीसाठी गहू भरडायची. पीठ झालं तर त्यात पाणी घुसतं आणि बाहेर येत नाही. भरड असली, टरफल शाबूत राहिलं, की पाणी वाट काढतं. हे स्वयंपाकघरात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. विमा कंपनीत नसतं.

"मला वाटतं, कापडाला भोकं बारीक पडली," तो म्हणत होता. "जाळी मोठी घ्यायची का? उद्या सकाळी उरलेलं धान्य दळून आणतो. तेवढंच आहे. पुन्हा मागवलं तर आठ दिवस लागतील, मग बिअरला मुरायला वेळच राहणार नाही. पंधरा तारीख गेली."

मी गप्प बसले. फसवणूक हा मोठा शब्द आहे, तो नको. पण जे माहीत होतं ते बोलले नाही.

"पिशवी दुरुस्त करून ठेवते," एवढंच म्हटलं.

दिवसभर ती पिशवी मांडीवर होती. फाटलेली बाजू काढून टाकली, नवीन कापड लावलं. दोनाऐवजी चार पट्टे केले, पिशवीच्या तळाखालून फिरवलेले, म्हणजे वजन कापडावर न येता पट्ट्यांवर येईल. एवढं मन लावून मी कुणाच्या लग्नाचे पडदेही शिवले नव्हते. आणि उद्या तो हीच पिशवी पिठाने भरणार होता. दोरा तीनदा तुटला. तिसऱ्यांदा लताबाईंनी नवीन रीळ पुढे सरकवलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी गिरणीत गेले. विहंग डबा वजनकाट्यावर ठेवत होता. चिमाजी काका भुवयांपासून चपलेपर्यंत पांढरे होते.

"आभाताई! दळण कुठंय तुमचं?"

घाईत निघाले होते, हातात साधा डबासुद्धा नव्हता. विहंगने माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझं दळण नाही, काका. यांचं आहे ते... दगड वर घ्या. भरड काढा. दाणा नुसता फुटला पाहिजे, टरफल तुटायला नको."

"भरड? कोंबड्यांना घालायचंय का काय?" चिमाजी काकांचा चेहरा पडला. "लय नाव हाय माझं बारीक पिठासाठी. लोक पंचवटीहून येत्यात."

"यांना बारीक नको. पिठाने पिशवी तुंबते."

काकांनी नाइलाजाने दगड उचलला. गिरणीचा आवाज बदलला, खरखरीत झाला. भरड पडली तेव्हा विहंगने मूठभर घेऊन तळहातावर पसरली. फुटलेले पांढरे दाणे, त्याभोवती अख्खी टरफलं. माल्टचा भाजक्या दाण्यांसारखा वास गिरणीभर झाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आई लापशीला भरडायची."

"मग काल..."

"काल डोक्यात आलं नाही," मी म्हणाले. खोटं होतं.

त्याने भरड डब्यात परत टाकली. "चार पट्टे केलेत ना? काल संध्याकाळी चौकात लताबाई भेटल्या, त्या सांगत होत्या. मला हात दोनच आहेत."

"दुसरं माणूस बोलवा."

"बोलावतोच आहे की. रविवारी, दहा वाजता."

रविवारी दहाला मी गच्चीवर होते. आपल्या आईला त्याने आंबील करतोय असं सांगितलं होतं, आणि तिने भाबडेपणाने वाटीभर बाजूला काढायला सांगितली होती. शेगडीवर पातेलं, पाण्यात थर्मामीटर. सदुसष्ट अंश झाल्यावर त्याने गॅस बंद केला. मी पिशवीचं तोंड धरलं, त्याने भरड ओतली आणि लाकडी डावाने ढवळली. मग झाकण ठेवून दोघांनी मिळून पातेल्याला गोधडी गुंडाळली, ऊब टिकावी म्हणून. गोधडी लपेटताना त्याचे हात पातेल्याच्या पलीकडून माझ्या हातांपर्यंत आले. त्याने लगेच काढून घेतले नाहीत. मीही नाही.

मग तासभर काहीच करायचं नव्हतं. गच्चीवर कोवळं ऊन होतं. शेजारच्या गच्चीत कुणी वाळवण घातलं होतं.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं. "चांगली नोकरी सोडून..."

"वाटते ना. दुसऱ्यांच्या चेपलेल्या गाड्या मोजत म्हातारा होईन, याची जास्त वाटते." थोडं थांबून म्हणाला, "इथलं सोडायचं म्हणजे... सगळंच सोडायला होईल असं नाही."

मी गोधडीचं सुटलेलं टोक पुन्हा खोचलं.

तास झाला. दोन पट्टे त्याने धरले, दोन मी. "एक, दोन... हं!" पिशवी वर आली. पाणी धो धो गळलं, मग धार, मग थेंब. मधाच्या रंगाचं, वाफाळतं. वाफेने त्याचा चष्मा पांढरा झाला, आणि पिशवी हातात असल्याने त्याला पुसता येईना.

"दिसतंय का काही?"

"फक्त तुम्ही. तेही धूसर."

शिलाई हलली नाही.

त्याने वाटीत थोडं काढून दिलं. गोड होतं, काकवीसारखं. मग त्याने ते उकळायला ठेवलं, त्यात हॉप्सच्या फुलांच्या वाळक्या गोळ्या टाकल्या आणि गच्चीभर कडवट वास पसरला. आईची वाटी त्याने त्याआधीच बाजूला काढली होती. तिला ती फार आवडली म्हणे.

चौदा जानेवारीला, तिळगूळ द्यायला म्हणून, तो दुकानात बाटली घेऊन आला. मी जन्मात पहिल्यांदा बिअरचा घोट घेतला.

"आवडली?"

"कडू आहे."

"अजिबात नाही आवडली?"

"दुसऱ्या घोटाला... थोडी." मी ग्लास खाली ठेवला. चांगली झाली होती. मला बिअरमधलं कळत नाही, पण नीट केलेली वस्तू कळते. तो जाणार हे मला तेव्हाच समजलं.

सोळा तारखेला तो आला. बोलायची गरज नव्हती, मान आधीच कलती होती.

"घेतलं त्यांनी. एक फेब्रुवारीला हजर व्हायचंय."

"अभिनंदन," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

"एक नवीन पिशवी हवीय. तिथे खोलीवर छोटं पातेलं घेईन. एकट्यापुरतं. दोन पट्टे पुरतील."

मी टेप गळ्यातून काढली आणि टेबलावर ठेवली. टेप हातात असताना मला खरं बोलता येत नाही, मापंच बोलता येतात.

"विहंग, एक सांगायचंय. पिशवी फाटली त्या दिवशीच मला कळलं होतं. पिठामुळे तुंबली ते. गिरणीत 'डोक्यात आलं नाही' म्हणाले, ते खोटं होतं. मी मुद्दाम गप्प बसले."

तो बघत राहिला. "का?"

"बिअर चांगली झाली असती तर तुम्ही गेला असता. आणि तुम्ही जावं असं मला वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही. तुम्ही मला आवडता."

लताबाईंचं मशीन थांबलं होतं.

"पण दुसऱ्या दिवशी गिरणीत आलात," तो हळूच म्हणाला.

"हो. तुमचं बिघडलेलं मला बघवलं नसतं."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वाफ नव्हती, काही नव्हतं. "मलाही एक सांगायचंय. तुमची पिशवी पहिल्याच दिवशी बरोबर बसली होती. खोलीला कमी नव्हती... तोंडाशी आवळही नव्हती."

"मला माहीत होतं! माझं माप चुकत नाही."

"मग सैल का केलीत?"

"चहा व्हायचा होता."

आता तो मोठ्याने हसला. मग टेबलावरून टेप उचलून त्याने माझ्यापुढे धरली. "बसने पाच तास लागतात. शनिवारी निघालो की रविवारी सकाळी दहाला गच्चीवर. दर रविवारी जमेलच असं नाही म्हणत. पण जमवीन."

"भरड मी काढून ठेवीन."

"चिमाजी काका चिडतील."

"चिडू देत." मी टेप घेतली. त्याची बोटं तिच्या दुसऱ्या टोकाला होती, ती त्याने सोडली नाहीत. "मग पट्टे किती लावू?"

"चार," तो म्हणाला.

लताबाईंनी मशीन सुरू केलं.