करंजगडाचा मायना

पूर्वेची कड उजळली तेव्हा करंजगडाच्या टाक्यातले पाणी अकराव्या पायरीखाली गेले होते. दरीच्या तोंडाशी दरबारच्या छावणीतला धूर, वारा नसल्यामुळे, सरळ रेषेत वर चढत होता. आणि तटावरच्या चाळीस गोलंदाजांपाशी एकाही बाराची दारू उरली नव्हती.

बारा वर्षांपूर्वी करंज तरफेची सात गावे दरबारातून फुटून निघाली. त्यांचे राज्य कोणीच मानले नाही. दरबारची पत्रे येत ती 'करंजगडचे बंडखोर यांसी' अशा मायन्याची. पत्र हाती घेणे म्हणजे मायना कबूल करणे. म्हणून चिटणीस सामराज रंगनाथ लखोट्यावरच्या ओळी दुरूनच वाचत आणि लाखेला नख न लावता पत्र परत धाडत.

त्या सकाळी दरबारचे वकील मोराजीपंत गडावर आले.

"वाचा, चिटणीस. आज तरी नाक मुरडू नका."

सामराज लखोट्यावर वाकले. ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"बाईसाहेब, 'गंगाजलनिर्मळ मातुश्री सगुणाबाईसाहेब देसाई, संस्थान करंजगड, यांचे सेवेसी.'"

गडाची धनीण सगुणाबाई पुढे झाली. तिने पत्र हातात घेतले. "आत काय आहे, पंत?"

"तहनामा. गड स्वाधीन करण्याचा."

"म्हणजे राज्य मानलेत, ते बुडवण्यापुरते!"

"बंडखोरांशी तह होत नाही, बाईसाहेब. गड देणारा कुणीतरी असावा लागतो." पंतांनी आवाज उतरवला. "दुसराही मसुदा आणला आहे. जमीनदारीण म्हणून मोर्तब करा. आपणांस माफी, माहेरी जाण्याची मोकळीक."

"आणि माझे गोलंदाज?"

"जमीनदाराच्या नोकराने दरबारवर तोफ डागली तर तो बंडखोर. त्याला तोफेच्या तोंडी देतात."

"संस्थानच्या गोलंदाजाला?"

"तो शिपाई. हुकूम पाळला, सुटला. पण मग संस्थानचा धनी जन्मभर कैदेत."

सगुणाबाईने दुसऱ्या मसुद्याकडे पाहिलेही नाही. "सामराज, शिक्का आणा. शाई आहे ना, की तीही टाक्यासारखी आटली?"

"आहे, बाईसाहेब," सामराज म्हणाले. त्यांना रडू आवरत नव्हते.

तिसऱ्या प्रहरी चाळीस गोलंदाज निःशस्त्र, पण जिवंत, गड उतरले. सगुणाबाईची पालखी दुसऱ्या वाटेने कैदेकडे गेली. सात गावे दरबारात मिसळली आणि वर्षभरात संस्थानचे नाव दप्तरातून नाहीसे झाले.

कैदेच्या सहाव्या वर्षी किल्लेदार स्वतः तिच्या कोठडीपाशी आला. "बाई, घ्या. सुटकेचा हुकूम आहे."

"मायना वाच."

"'करंजची कैदी जमीनदारीण सगुणा हीस.' अहो, मायन्याला काय करायचंय? दार उघडतोय!"

"मी जमीनदारीण ठरले, तर माझी चाळीस माणसे बंडखोर ठरतील. परत ने."

लाख न फुटता पत्र परत गेले. चार वर्षांनी ती त्याच कोठडीत वारली.

ते चाळीस गोलंदाज दरबारने सक्तीने आपल्या तोफखान्यात भरती केले होते, आणि दूरच्या एका मोहिमेत ते सगळे कामी आले होते. हे कळवणारे पत्र सुटकेच्या हुकमाआधी वर्षभर तिच्याकडे येऊन परत गेले होते. त्याचाही मायना तोच होता.