ब्रॅकेटवरची लाल रेघ

तो पाण्याची बाटली उघडून गाडीच्या चाकाजवळ वाकला होता, तेव्हा मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलले.

"पाणी टाकू नका. डिस्क वाकडी होईन."

तो दचकून थांबला. मघापासून मी माझ्या शेडच्या दारात चहा पीत त्याची गंमत पाहत होते. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतले रस्ते रविवारी रिकामे असतात. निळी, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी ती स्पोर्ट्स कार सुसाट यायची, करकचून ब्रेक मारायची, वळून पुन्हा यायची. पाचव्या खेपेला ती थांबलीच नाही, सरळ गाजरगवतात शिरली. पुढच्या चाकांतून धूर निघत होता, आणि जळक्या पॅडचा तो उग्र वास...

वासावरूनच मी त्याला सांगितलं, पॅड जळालेत, ब्रेक ऑइल उकळलंय, म्हणून पेडल नरम पडलं.

"तुम्हाले कसं समजलं?"

मी मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'राखी इंजिनिअरिंग वर्क्स.' त्यानं पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ.

त्याचं नाव नयन. आर्णीच्या ज्युनिअर कॉलेजात तो फिजिक्स शिकवायचा. वडील मारोतराव कापूस-तुरीची शेती बघायचे. ही जुनी कार त्यानं पुण्याहून आणली होती, आणि तीन आठवड्यांनी कोइमतूरच्या रेसिंग ट्रॅकवर ती चालवायला त्याला जागा मिळाली होती. मी म्हटलं, रस्त्यावरचे ब्रेक तिथं दोन चकरासुद्धा टिकणार नाहीत. दर वळणाला दीडशेवरून साठवर यायचं, ब्रेकला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

"म्हणजे गतिज ऊर्जेची उष्णता होते, अन्..."

"हे वर्गात सांगा, सर. इथं मोठी डिस्क लागते."

तो हसला. आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटलं की यायला लागला.

मोठ्या डिस्क, डिस्कवर पॅड दाबणारे चार पिस्टनचे कॅलिपर, ट्रॅकचे पॅड, स्टीलच्या जाळीचे पाइप... सगळं त्यानं मागवलं. फक्त हे नवे कॅलिपर त्याच्या गाडीला बसवणारं ब्रॅकेट कुठं विकत मिळत नव्हतं. ते मी जाड ॲल्युमिनियमच्या प्लेटमधून कापून बनवलं. पहिली जोडी चाकाला घासली, दुसरी बरोबर बसली. तो टॉर्च धरायचा, मी मापं घ्यायची. मी या कामात कशी आले, हे त्यानं विचारलं. मी सांगितलं, माझा बा, रामधन, शेती धरायच्या आधी ट्रक चालवायचा. त्याला पाने देता देता शिकले. आमचे पूर्वज बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे, तेव्हा वाहतूक आमच्या रक्तातच आहे.

ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतात. तो आत पेडलवर, मी बाहेर चाकाशी. मी म्हणायची, दाबा... धरा... सोडा. दाबा... धरा... सोडा. विसाव्या वेळी तोंडून निघून गेलं, "दाब... धर..."

मी जीभ चावली. आतून आवाज आला, "असंच म्हन. बरं वाटते."

पुढची दहा मिनिटं मी चाकामागून डोकंच वर काढलं नाही.

तो निघायच्या आदल्या संध्याकाळी मी शेड झाडत होते. ज्या प्लेटमधून उजवं ब्रॅकेट कापलं, तिचा उरलेला तुकडा हातात आला. कडेला केसाएवढा तडा होता. प्लेटमध्ये तडा, म्हणजे ब्रॅकेटमध्येही असू शकतो. कदाचित नसेलही. सांगितलं तर त्याचं कोइमतूर बुडणार, आणि चूक माझी, प्लेट मी तपासायला हवी होती. मी झाडू बाजूला ठेवला. मग फोन केला.

सकाळी तो भरलेली बॅग घेऊनच आला. मी ब्रॅकेट काढलं, त्यावर लाल रंग फवारला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. आता थांबायचं. भेग असेल तर आत मुरलेला रंग वर येतो. आम्ही शेजारी शेजारी उभे राहून पाहत राहिलो. पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटली.

"तू सांगतलं नसतं तर?" त्यानं विचारलं.

"तर बहुतेक काही झालं नसतं."

"बहुतेक?"

"हो. म्हनून सांगतलं."

त्यानं बॅग खाली ठेवली. एवढंच.

नवी प्लेट नागपूरहून यायला चार दिवस लागले. त्याची जागा गेली, पुढची संधी थेट फेब्रुवारीत. तरी तो रोज आला, स्टुलावर बसून पोरांचे पेपर तपासत राहिला. काम नव्हतं त्याचं काही.

नवं ब्रॅकेट बसलं. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला गाडी पळवून पुन्हा पुन्हा ब्रेक मारावे लागतात, पूर्ण न थांबता. त्यानं चावी माझ्या हातात दिली. मी चालवली, तो बाजूला. दहाव्या वेळी पेडल पायाखाली दगडासारखं घट्ट होतं. मग डिस्क थंड व्हायला गाडी पळसाखाली उभी केली, आणि आम्ही बाहेर मैलाच्या दगडावर बसलो. शेजारच्या जिनिंग कारखान्यातून उडालेला कापूस झुडपांना अडकला होता.

"फेब्रुवारीत येशीन माह्यासोबत?"

"ब्रेक पाहाले मी लागनच ना."

"ब्रेकसाठी नाही, राखी." त्यानं झुडपातून थोडा कापूस ओढला. तो पुंजका पिंजत राहिला. "कार नसती तरी मी रोज आलो असतो. मले तुह्याशी लग्न करायचं हाय... तुले चालन तर."

माझा तांडा, त्याचं गाव... बोली वेगळी, रीत वेगळी. घरी काय म्हणतील, मी विचारलं.

"बाबाले परवाच सांगतलं. त्या तड्याचंबी सांगतलं. ते म्हनले, खरं बोलनारी पोरगी हाय, घरी घेऊन ये."

माझे हात मांडीवर होते, काळे, ऑइलनं माखलेले. त्यानं त्यातला एक उचलून आपल्या हातात घेतला.

"बा पाच वाजता शेतातून येते," मी म्हटलं.

"आज?"

"काहून, शर्ट बदलाचा हाय?"

साडेचारला आम्ही निघालो. गाडी तो चालवत होता, अगदी सावकाश, आणि मी त्याला तांड्याचा रस्ता सांगत होते.